शेळीचं पारायण

माझं वय सत्तेचाळीस आहे आणि मला लहान मुलांची पुस्तकं आवडतात. हे एवढं सरळ सांगायला मला बरीच वर्षं लागली. आधी मी औरंगपुऱ्यातल्या पुस्तकवाल्याला "भाचीसाठी घेतेय" म्हणायचे. मला भाची नाही. एक दिवस त्यानं पुस्तक बांधून देता देता अगदी काळजीनं विचारलं, "मॅडम, तुमची भाची इतकी वर्षं दुसरीतच आहे, तिला डॉक्टरला दाखवलं का?" त्या दिवसापासून मी उघडपणे स्वतःसाठी घेते.

नोकरीसाठी मी रोज फुलंब्रीला जाते. सिडको बसस्टँडवरून सिल्लोडची गाडी पकडायची आणि हर्सूल मागं पडलं की पुस्तक उघडायचं. या रस्त्याचं काम मी नोकरीला लागले तेव्हा सुरू झालं आणि बहुतेक मी निवृत्त झाल्यावर कंत्राटदाराला चैन पडणार नाही म्हणून तो ते थांबवील. अशा रस्त्यावर बारीक टायपातलं काही वाचताच येत नाही. एक खड्डा आला की आपण थेट पुढच्या परिच्छेदात जाऊन पडतो. मुलांच्या पुस्तकातली अक्षरं टपोरी असतात आणि मध्ये मध्ये चित्र येतं, तिथं थोडं टेकता येतं. शिवाय मोठ्यांच्या कादंबऱ्यांत माणसं पानंच्या पानं खिडकीबाहेर बघत बसतात. खिडकीबाहेरच बघायचं तर एसटीत मला माझी स्वतःची खिडकी असते. मुलांच्या पुस्तकात पहिल्याच पानावर कुणीतरी घरातून पळून जातं. मला असं काही वाचलं की बरं वाटतं, विशेषतः सकाळी ऑफिसला जाताना.

पुस्तकाला मी वर्तमानपत्राचं कव्हर घालते. त्यामुळे गाडीतल्या निम्म्या लोकांची समजूत आहे की मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. एकदा शेजारी बसलेल्या फेटेवाल्या बाबांनी विचारलं, "ताई, कंची परीक्षा हाय?"

"कुठलीच नाही, बाबा."

"मंग कशापायी वाचायल्या?"

मी म्हटलं, "खात्याची परीक्षा आहे." बाबांना एकदम हायसं वाटलं. उतरताना त्यांनी मला आशीर्वाद दिला. मी त्या वेळी कुठल्या पानावर होते म्हणाल, तर एका बेडकाच्या लग्नात वाजंत्रीवाले आलेच नव्हते.

बाबांचा प्रश्न मला नवीन नव्हता. हाच प्रश्न घेऊन मी लहानाची मोठी झाले. आम्ही तेव्हा छावणीत राहायचो. बाजारात एक गृहस्थ पडवीत बसून गोष्टीची पुस्तकं वाचायला द्यायचे. आईनं निजवलं की मी खाटेखाली शिरायचे आणि पालथी पडून बेटं, तळघरं, चोरवाटा, हरवलेले नकाशे असलं सगळं वाचून काढायचे. त्यातली परदेशातली मुलं सहलीला जाताना टोपलीतून जे काही न्यायची, त्यातलं निम्मं खायचं की लावायचं हे आम्हाला कळायचं नाही, पण तोंडाला पाणी मात्र सुटायचं.

चोरवाटांच्या बाबतीत आम्ही या शहरातली मुलं नशीबवान. इथं प्रत्येक जुन्या भिंतीखालून दौलताबादला भुयार जातं, असं प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो. एवढी भुयारं खरीच असती तर शहर केव्हाच खाली बसलं असतं. पण मी नऊ वर्षांची होते. मी आणि शेजारची एक मैत्रीण, दोघींनी घरामागं उलथन्यानं खणायला घेतलं. भुयार लागलं नाही, पाण्याचा पाइप लागला. त्या दिवशी छावणीतल्या घरांच्या चार ओळींना पाणी आलं नाही आणि एक जवान आमच्या दारात येऊन फार नम्रपणे उभा राहिला. तो गेल्यावर आईनं उलथनं धुतलं, जागेवर टांगलं आणि म्हणाली, "खोटं वाचल्यावर आसंच व्हतंय."

आईबद्दल इथंच सांगून टाकते. आई पैठणच्या बाजूची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. शाळा चौथीपर्यंत, पण वाचन असं लखलखीत की लग्न होऊन आली तेव्हापासून आसपासच्या बायका पोथी वाचायला तिलाच बसवतात. तिच्या हिशेबात छापील कागदाचे दोनच प्रकार आहेत: पोथी आणि शाळेचं पुस्तक. एक देवासाठी, दुसरं नोकरीसाठी. बाकी सगळं खोटं. पुस्तक हातात घ्यायचं ते हात धुऊन, मांडी घालून, आणि त्याला पाय लागला तर नमस्कार करायचा. मी खाटेखाली पालथी पडून काय करायचे ते तिला माहीत होतं. ती वाकून बघायची आणि म्हणायची, "खोटं कशापायी वाचायलीस, माय?" रागानं नव्हे. तिला खरंच कळत नसे. जी शेळी नव्हतीच, तिला काय झालं याच्याशी आपल्याला काय करायचंय, असं तिचं म्हणणं.

शेळी म्हटलं, कारण माझ्या कादंबरीत शेळीच आहे.

झालं असं की फुलंब्रीच्या स्टँडवर एकदा एका शेळीनं गाडीच्या पायरीवर पुढचे दोन पाय ठेवले आणि आत मान घालून नीट बघितलं. जागा आहे का, खिडकीची आहे का, असं. मग कंडक्टरनं हाकललं आणि ती गेली. पण जाताना तिनं ज्या नजरेनं गाडीचा बोर्ड वाचला, ती नजर माझ्या डोक्यातून जाईना. हिला कुठं जायचं होतं? घरी येईपर्यंत मला कळलं होतं. तिला समुद्र बघायचा होता. पुढची दोन वर्षं मी एसटीत वाचायच्या ऐवजी लिहीत होते. खड्ड्यांमुळे माझं अक्षर असं झालं की टाइप करणाऱ्या मुलीनं पहिल्या प्रकरणात शेळीच्या जागी सगळीकडे शेती टाइप केलं. शेती एसटीत चढली, शेतीनं कंडक्टरची तिकिटं खाल्ली. ते वाचून मी एक दिवस वाया घालवला, हसण्यात.

कादंबरी घेऊन मी आमच्याच शहरातल्या एका प्रकाशकाकडे गेले. त्यांनी पहिली दहा पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "शेळी नको. वाघ घ्या. वाघ खपतो."

"वाघ एसटीत कसा चढेल?"

"मग शेळी चढते का?"

"चढते. मी बघितलीय."

त्यांनी चष्मा परत लावला. मग त्यांनी विचारलं, "बरं, शेवटी मुलांना शिकवण काय?"

"काही नाही."

"असं कसं? पालक शिकवण बघून पुस्तक घेतात. झाडं लावा, झाडं जगवा, असं काहीतरी टाका."

"शेळी झाडं खाते, साहेब."

यावर त्यांनी चहा मागवला. चहा पिताना त्यांना शेवटचं पान फार आवडलं. ते पान मलाही फार आवडत होतं. त्यात शेळी शेवटी पैठणला पोचते, बांधावर चढते आणि समोरचं अफाट पाणी बघते. तिथं मी लिहिलं होतं: 'ते जायकवाडीचं धरण होतं, पण शेळीला हे कुणी सांगितलं नाही, म्हणून ती सुखी होती.' या एका वाक्यावर मी तीन आठवडे घालवले होते. दुसरा स्वल्पविराम तर मी चार वेळा काढून परत घातला होता. प्रकाशक म्हणाले, "वा! इथं तुम्ही मोठ्यांच्या साहित्यात गेलात." मी त्या दिवशी घरी रिक्षानं गेले.

पुस्तक निघालं. पातळ पुस्तक कुणी घेत नाही म्हणून त्यांनी अक्षरं इतकी मोठी केली की ते विटेएवढं जाड झालं. प्रकाशन समारंभ झाला, म्हणजे व्यासपीठावर पाच जणांनी चकचकीत कागदात गुंडाळलेली पाच पुस्तकं सोडवली. आमच्या प्रकाशकांचा चिकटपट्टीवर फार विश्वास असल्यामुळे त्यात बराच वेळ गेला. एका पाहुण्यांनी शेवटी दात वापरले. प्रमुख वक्त्यांनी सांगितलं की ही शेळी म्हणजे शोषित स्त्री आहे, एसटी ही व्यवस्था आहे आणि कंडक्टर म्हणजे हजारो वर्षांची परंपरा आहे. माझं ते शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचून दाखवलं. मी पदर सावरून नम्र चेहरा केला. आई पहिल्या रांगेत ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती. घरी येताना रिक्षात तिनं हळूच विचारलं, "ते सायेब कंच्या पुस्तकाबद्दल बोलत व्हते गं?"

घरी आल्यावर मी पहिली प्रत आईच्या हातात दिली. तिनं हात धुतले, प्रत दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि मुखपृष्ठावर हळदकुंकू वाहिलं. मुखपृष्ठावर शेळीचं चित्र होतं. कुंकू बरोबर शेळीच्या कपाळावर लागलं आणि ती एकदम सवाष्ण दिसायला लागली. मग आईनं पोथी ज्या लाल कापडात बांधून ठेवते त्याच कापडाचा उरलेला तुकडा काढला, त्यात माझी कादंबरी बांधली आणि देवघरात पोथीशेजारी ठेवून दिली.

"आई, ती वाचायची आहे."

"वाचीन की."

नाही वाचली. रोज सकाळी तिच्यावर एक फूल पडायचं. माझी कादंबरी रोज उदबत्तीचा धूर घ्यायची आणि आरती ऐकायची. कुठल्याही लेखकाला मिळाला नसेल एवढा मान मला मिळत होता आणि मला रडू येत होतं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, ऑफिसात पेढे झाले, त्या वक्त्यांनी मला कुठल्याशा परंपरेत नेऊन बसवलं. पण मला या सगळ्यातून एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे आईनं माझं खोटं एकदा वाचावं आणि तिला ते आवडावं. दुसरं काही नाही.

मी युक्त्या केल्या. एक प्रत टीव्हीवर ठेवली. एक तिच्या उशाशी, एक भाजीच्या टोपलीत कोथिंबिरीखाली. आईनं तिन्ही प्रती गोळा केल्या, पुसल्या आणि माझ्या कपाटात लुगड्यांच्या वर ठेवल्या. "सरस्वतीची वस्तू आशी कुठंबी टाकू नये," म्हणाली. आम्ही घरात दोघीच. एकीनं पुस्तक लिहिलेलं आणि दुसरी त्याला नमस्कार करणारी, पण वाचणारं कुणी नाही.

मग पोथीची शिवण उसवली. श्रावण तोंडावर आला होता आणि पोथीची पानं हातात यायला लागली होती, म्हणून मी ती सिटी चौकाजवळच्या एका बाइंडरकडे नेली. ते खळीचा डबा दाखवत म्हणाले, "आपा, लेई सुकने कू टाइम लगता. परसों ले जाओ." आमच्याकडे परसों हा कुठलाही दिवस असू शकतो, त्यामुळे मी घाई केली नाही. पोथी परत मिळाली तेव्हा तिला नवे पुठ्ठे लागले होते आणि झिजलेल्या कडा मशीनवर कापून सरळ केल्या होत्या. "देखो, एकदम नवी नवरी," बाइंडर अभिमानानं म्हणाले. नवी नवरी जरा आखूड झाली होती. इतकी आखूड की आईनं ती लाल कापडात बांधून देवघरात ठेवली, तेव्हा ती आणि माझी कादंबरी शेजारी शेजारी जुळ्या बहिणी दिसायला लागल्या. हे आमच्या दोघींच्याही लक्षात आलं नाही. कोण बघत बसतं?

श्रावणात आमच्या गल्लीतल्या बायकांचं पोथीचं पारायण आमच्या घरी असतं. दुपारी जेवणं उरकली की आठ-दहा जणी येतात, बसतात, ऐकतात, आणि त्यातल्या निम्म्या भिंतीला टेकून डुलक्या घेतात. दोघी मात्र डुलक्या घेत नाहीत. एक आमच्या थोरल्या काकू, वयानं सगळ्यांत मोठ्या, शास्त्रात काय बसतं हे त्याच ठरवतात. दुसऱ्या बाई, निवृत्त मुख्याध्यापिका. आईचा एक उच्चार इकडचा तिकडे झाला की त्या बोट वर करतात.

पारायण सुरू झालं तो शनिवार होता, ऑफिसला सुट्टी. मी स्वयंपाकघरात प्रसादाच्या शिऱ्यासाठी रवा भाजत होते. बाहेर समई लागली. आईनं पळीनं हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला, लाल कापड सोडलं, डोळे मिटून नमस्कार केला, पान उघडलं आणि मग चष्मा लावला. आणि तिच्या त्या गोड, लांबवलेल्या, घंटेसारख्या आवाजात मला ऐकू आलं:

"शेऽऽळीला समुद्रऽऽ बघायचा होताऽऽ, आणि तिचंऽऽ कुणीही ऐकत नव्हतंऽऽऽ..."

माझ्या हातातला झारा कढईत पडला. माझ्या कादंबरीचं पहिलं वाक्य होतं ते. मी दारात धावले. आई चष्म्यावरून माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरलेले भाव बघितले. समोर सगळ्याजणी हात जोडून बसलेल्या. एक काकू डोळे मिटून "हरी हरी" म्हणाल्या. बाईंचं बोट अर्धवट वर आलं होतं, पण कशाला हरकत घ्यायची ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

संकल्प सोडल्यावर, दिवा लागल्यावर आणि तोंडातून पहिला शब्द गेल्यावर पुस्तक मिटून उठायचं नाही, हा आईचाच नियम. आणि बाईंसमोर 'चुकलं' म्हणायचं, हेही आईला जमणारं नव्हतं. ती ताठ बसली आणि पुढं वाचत गेली, त्याच चालीत. "कंडक्टरऽऽ म्हणाला, पुढेऽऽ सरका, पुढेऽऽ सरकाऽऽ." शेळी मागच्या दारानं चढली. शेळीनं एका प्रवाशाच्या पिशवीतली मेथीची जुडी खाल्ली. डुलक्या घेणाऱ्यांपैकी एक जण जागी झाली. मग दुसरी. माझा रवा करपला.

प्रकरण संपलं. आईनं नमस्कार केला. मग बाई म्हणाल्या, "ही ओवी नव्हती."

"नव्हतीच," आई म्हणाली.

"मग हे काय होतं?"

"पोरीचं पुस्तक हाय. कापड सारखंच, माझ्याकडून उलटापालट झाली." आणि आईची मान खाली गेली. मला वाटलं, आता जाऊन पोथी आणून द्यावी. पण तेवढ्यात थोरल्या काकू म्हणाल्या, "मला आज सगळं समजलं बाई. दरसाल मला काही म्हणजे काही समजत नाही." दोघी-तिघींनी माना डोलावल्या. एकीनं विचारलं, "पण मेथी खाल्ल्यावर त्या माणसानं शेळीला काय केलं?" यावर बराच वाद झाला. शेवटी थोरल्या काकूंनी निकाल दिला. पाणी सोडलं, दिवा लावला, मग जे हातात आलं ते पुरं करायचं. अर्धवट सोडणं वाईट. देवाची पोथी पुढच्या आठवड्यात, देव काही कुठं पळून जात नाही. बाई म्हणाल्या की ठीक आहे, पण मग ते शुद्ध वाचलं गेलं पाहिजे. त्या संध्याकाळीच जाऊन एक प्रत विकत घेऊन आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून मांडीवर पुस्तक उघडून, ओळीखाली बोट धरून बसायला लागल्या.

सोमवारपासून मी रोज अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण लिहिलं, घरगुती. दुपारच्या गाडीनं धावतपळत यायचं आणि स्वयंपाकघराच्या दारामागं उभं राहायचं. बायका खुशीत होत्या. शेळीनं तिकिटांचा गठ्ठा खाल्ला तेव्हा एका काकूंना हसून हसून ठसका लागला आणि पाणी द्यावं लागलं. कुणीतरी नैवेद्याच्या ताटाशेजारी सुबाभळीचा पाला आणून ठेवला. शेजारच्या गल्लीतल्याही दोघी यायला लागल्या. आणि आई? आई हसली नाही. एकदाही नाही. एवढ्या गमतीच्या जागा मी पेरल्या होत्या, पण ती प्रत्येक जागेवरून पोथी वाचणाऱ्या चेहऱ्यानं, सरळ, संथ निघून जायची. वाचून झालं की नमस्कार, लाल कापड, देवघर.

रात्री जेवताना मी विचारायचे, "कसं वाटलं आजचं?"

"भाजीला मीठ कमी हाय."

मला राग यायला लागला. चुकून का होईना, ती वाचत होती, रोज तास-दीड तास, मोठ्यानं. मला जे हवं होतं ते जवळजवळ मिळालं होतं, आणि ते 'जवळजवळ' मला आधीपेक्षा जास्त टोचत होतं. तिला आवडलं नव्हतं. दुसरं काय समजायचं? संकल्प सोडला म्हणून ती निभावून नेत होती. मी ठरवलं की शेवटच्या दिवशी उभं राहायचंच नाही. पण शेवटचं पान होतं. माझं ते वाक्य तिच्या आवाजात ऐकायचा मोह मला आवरला नाही. त्या दिवशी मी पूर्ण रजा टाकली.

शेवटच्या दुपारी खोली भरली होती. शेळी पैठणला उतरली. बाजारातून, साड्यांच्या दुकानांपुढून, लोकांच्या पायांतून वाट काढत बांधापाशी आली. आईची चाल आता फार हळू झाली होती. शेळी बांध चढायला लागली. बायका पुढं वाकल्या. मी दाराची कड घट्ट धरली.

"शेऽऽळी बांधावरऽऽ चढली," आईनं वाचलं. मग थांबली. पानाकडे बघितलं. इतका वेळ बघत राहिली की एकीनं वळून माझ्याकडे पाहिलं. मग आई म्हणाली, चाल न लावता, अगदी साध्या आवाजात, "आन् म्होरं समुद्र व्हता." आणि तिनं पुस्तक मिटलं.

बाईंचं बोट ताडकन वर गेलं. "थांबा, थांबा. एक वाक्य राहिलं. सगळ्यांत महत्त्वाचं."

"नाय राहिलं."

"अहो, इथं छापलंय. 'ते जायकवाडीचं धरण होतं, पण...'"

"छापणारानं छापलं आसंल," आई म्हणाली. तिनं चष्मा काढला. "बाई, मी इतके दीस तिच्यासंगं चालत आले. तिच्या पायात काटा गेला तवा मी व्हते. तिला गाडीतून ढकललं तवा मी व्हते. समुद्रच हाय तो."

माझ्या आईनं उभ्या आयुष्यात छापलेल्या अक्षरापुढं मान वर केली नव्हती. बाई म्हणाल्या, "आपण कशाला भांडायचं? लेखिका इथंच उभी आहे. तिलाच विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आईनंही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती मला घाबरत होती. माझी आई मला घाबरत होती, की मी आता धरण म्हणेन म्हणून.

"सांग की गं," ती म्हणाली. "समुद्र व्हता का नाय?"

मला त्या क्षणी इतका आनंद झाला की मी दाराची कड सोडून पुढं आले. "समुद्रच होता, आई."

"लाटा व्हत्या?"

"मोठ्या मोठ्या."

"मंग तसं लिहायचं ना," आई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. थोरल्या काकूंनी "बरं झालं बाई, पोचली एकदाची" म्हणून दोन्ही हात जोडले. मी शिरा आणायला आत वळले. मागं वळून पाहिलं, तर मुख्याध्यापिकाबाईंनी पर्समधून लाल पेन काढलं होतं आणि माझं ते तीन आठवड्यांचं वाक्य, स्वल्पविरामासकट, पट्टी लावून खोडत होत्या.